पाणी मुरतंय कुठे?

घरातल्या पाण्याच्या उपकरणांमध्ये सगळ्यात आधी दगा देणारा भाग बहुधा सगळ्यात स्वस्त असतो. वॉशिंग मशीनचा ड्रम वर्षानुवर्षं बिनतक्रार फिरतो आणि मशीनला पाणी देणाऱ्या पाइपच्या टोकाचा रबरी वॉशर एका दुपारी चिरतो. गीझरची टाकी शाबूत राहते, फुटतो तो तिला जोडलेला कनेक्शन पाइप. आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना खालच्या मजल्यावरून जो घाबरा फोन येतो, त्याच्या मुळाशी बरेचदा करंगळीपेक्षाही बारीक अशी, आरओच्या यंत्राला जाणारी पांढरी नळी निघते.

या यंत्राबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला असतो. टाकी भरली, पंप थांबला, म्हणजे पाणीही थांबलं. प्रत्यक्षात पाणी थांबतं ते यंत्राच्या आतल्या सोलेनॉइड व्हॉल्व्हपाशी. ओट्याखालच्या नळापासून तिथपर्यंतची पाव इंची नळी आणि वाटेत भिंतीला टांगलेला प्रीफिल्टरचा डबा, यांच्यावर गच्चीवरच्या टाकीचा दाब दिवसरात्र असतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार, असा या दाबाचा हिशेब. सात मजली इमारतीत खालच्या मजल्यांवर तो दोन बारच्या घरात जातो. वरच्या मजल्यांवर एरवी दाब कमी, पण तिथे प्रेशर पंप बसवलेला असला की तोही फायदा गेला. शिवाय रात्री इमारतीतले बाकीचे नळ बंद असतात, तेव्हा दाब सगळ्यात जास्त. म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी नीट न बसलेली नळी किंवा प्रीफिल्टरच्या डब्यातली वाकडी बसलेली रबरी रिंग दिवसभर तग धरते आणि घरचे झोपले की हार मानते.

अशा नळीतून मिनिटाला दोन लिटर पाणी येतंय असं धरा. आठ तासांच्या झोपेत ९६० लिटर होतात, म्हणजे गच्चीवरची एक काळी टाकी जवळजवळ रिकामी. आता फरशीवर दिसणारं पाणी मोजू. त्याला पावसाचंच माप लागू पडतं: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दहा बाय दहाची खोली ९.३ चौरस मीटरची. तिच्यात पाच मिलिमीटर पाणी साचलं, तर ते जेमतेम ४६ लिटर, तीन बादल्या. सकाळी उठून आपण या तीन बादल्या पुसतो, पंखा लावतो आणि सुटलो म्हणतो. उरलेल्यातलं काही मोरीच्या जाळीतून गेलं असेल, काही जिन्यावरून उतरलं असेल. पण बाकीचं घराच्या पोटात आहे. भिंती, फर्निचर आणि शेजारसंबंध बिघडवतं ते हे न दिसणारं पाणी, आणि पहिल्या दोन दिवसांतली सगळी धावपळ त्याच्यासाठी करायची असते.

ओल्या खोलीत पाऊल टाकण्याआधी वीज बंद करायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अडचण तपशिलात आहे. एमसीबी पडला नाही म्हणजे धोका नाही असं अजिबात नाही. एमसीबीला जादा भार आणि शॉर्टसर्किट कळतं. माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारे काही मिलीअँपिअर त्याच्या खिजगणतीत नसतात. ते काम आरसीसीबीचं, ज्याला आपले वायरमन अजूनही ‘ईएलसीबी’ म्हणतात. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलीअँपिअरच्या गळतीवर वीज तोडतो. जुन्या घरांत तो नसतोच, आणि असला तरी त्याचं ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण शेवटचं कधी दाबलं, हे घरात कुणालाही सांगता येत नाही. दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. मेन स्विच पाडला की घर मेलं असं वाटतं, पण इन्व्हर्टर त्याच क्षणी जागा होतो आणि त्याच्यावरचे दिवे, पंखे, सॉकेट जिवंतच राहतात. बॅटरीही बहुधा पॅसेजमध्ये जमिनीलगत ठेवलेली असते. तेव्हा मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद. स्विचबोर्डापर्यंत जायला पाण्यातूनच जावं लागणार असेल, तर जाऊ नका. इमारतीच्या मीटर रूममधून तुमच्या घराची वीज तोडता येते. वॉचमनला किंवा वायरमनला हाक मारा. तेही जमलं नाही, तर वीज कंपनीचा १९१२ हा तक्रार क्रमांक आहे.

मग नळ. इथे एक क्रूर विनोद होतो. ओट्याखालचा अँगल कॉक बसवल्यापासून कुणी फिरवलेलाच नसतो. कठीण पाण्याच्या क्षारांनी तो आतून धरलेला असतो, आणि पान्याने जोर लावला की मुंडी हातात येते. मग पाव इंची नळीची गळती अर्धा इंची होते. कॉक हाताने फिरत नसेल तर त्याचा नाद सोडून सरळ घराचा मुख्य व्हॉल्व्ह गाठावा. तो डक्टमध्ये, बाथरूमच्या माळ्यावर किंवा गच्चीवर टाकीपाशी असतो. कुठे आहे हे आधी माहीत असलेल्या घरात आणि नसलेल्या घरात एकदोनशे लिटरांचा फरक पडतो. आरओची नळी असेल तर तोवर एक साधा उपाय आहे: नळी कडक दुमडून रबरबँड किंवा सुतळीने आवळायची. धार जवळजवळ थांबते.

तिसरं काम म्हणजे खालच्या घराची बेल वाजवणं. ते संकोचामुळे पुढे ढकललं जातं. “पाणी आलं तर तेच सांगतील की,” असं मनाशी म्हणत माणूस आपली फरशी पुसत बसतो. पण खालच्यांना ताबडतोब कळणं जरुरीचं आहे, आणि त्याचं कारण स्लॅबच्या आत आहे. छतातल्या दिव्यांच्या नि पंख्यांच्या तारा ज्या प्लॅस्टिकच्या पाइपांमधून जातात, ते पाइप स्लॅब ओततानाच त्यात गाडलेले असतात. फरशीखाली उतरलेलं पाणी घट्ट काँक्रीटमधून वाट काढण्यापेक्षा या तयार नळ्यांमध्ये शिरतं आणि नळीच्या दुसऱ्या तोंडातून, म्हणजे खालच्या घरातल्या पंख्याच्या हुकापाशी किंवा दिव्याच्या पॉइंटमधून टपकतं. वरचं स्वयंपाकघर गळत असताना खालच्या दिवाणखान्यातला पंखा ठिबकतो, यात भुताटकी काही नाही. पण त्या घरातल्या आजोबांनी सवयीने पंख्याचं बटण दाबलं तर? म्हणून आधी त्यांच्या त्या सर्किटची वीज बंद व्हायला हवी. “काका, आमच्याकडे पाणी फुटलंय, हॉलमधला पंखा-दिवा लावू नका, मी आलोच,” एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरतं, आणि पुढच्या सहा महिन्यांचं भांडण निम्म्याने हलकं होतं ते वेगळंच.

खाली पीओपीचं किंवा जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग असेल तर धोका आणखी आहे. पाणी त्याच्या पाठीवर तळं करून बसतं. दोन सेंटिमीटर खोल पाण्याचा चौरस मीटरला वीस किलो भार होतो आणि भिजलेल्या जिप्समचा जोर तोवर गेलेला असतो. मधोमध पोट आलेलं दिसलं की वीज बंद करून, खालची माणसं आणि सामान बाजूला घेऊन, बादली ठेवून कडेला उभं राहत लांब दांड्याच्या टोकदार वस्तूने एक लहान भोक पाडावं. तळं सावकाश रिकामं होतं. एक भोक बुजवणं सोपं, अख्खं सीलिंग कोसळलं तर गाठ वेगळ्याशीच आहे.

पाणी दाराबाहेर जाणार असेल तर जुने टॉवेल, गोधड्या पिळा घालून दाराशी लावा. जुन्या घरांना चांगला चार बोटं उंच उंबरा असायचा, तो हे काम बिनबोभाट करत असे. आताच्या सपाट ग्रॅनाइटच्या पट्टीवरून पाणी थेट लॉबीत आणि तिथून लिफ्टच्या खड्ड्यात जातं. तसं होताना दिसलं तर लिफ्ट बंद करायला सांगा.

एवढं झालं की पुसायला घेण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: निसटलेली नळी, पाण्याची पातळी, भिजलेल्या वस्तू, खालचं छत. पुढे विमा किंवा सोसायटीची बैठक यांपैकी काही ना काही येणार असतं आणि तिथे आठवणीपेक्षा फोटो बरा. निकामी झालेला तुकडाही फेकू नका, पिशवीत घालून ठेवा.

उपसायला वायपर आणि प्लॅस्टिकची सुपली यांना तोड नाही. सुपलीने पाणी भरून बादलीत ओतायचं, उरलेलं वायपरने मोरीच्या जाळीकडे ढकलायचं. ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर सांध्यांतलं पाणी निघतं. साध्या व्हॅक्यूमने हा प्रयोग करू नये. शेवटी रद्दीची वर्तमानपत्रं अंथरायची, भिजली की उचलायची. त्याच वेळी एकाने सामान उचलायला लागावं. गादी आधी, कारण कापसाची गादी खालून वर पाणी ओढत जाते आणि आतून वाळायला आठवडे घेते. मग पलंगाखालच्या पेट्या, कपाटाचे खालचे खण. लाकडी नि लोखंडी पायांखाली प्लॅस्टिकचे तुकडे सरकवा. पॉलिशचा आणि गंजाचा डाग फरशीत शिरला तर तो नंतर निघत नाही.

आता घराच्या पोटाकडे येऊ. व्हिट्रिफाइड टाइल स्वतः पाणी जवळजवळ पीतच नाही. तिच्या वजनाच्या अर्धा टक्काही नाही. पण दोन टाइलांमधला सांधा सिमेंटचा असतो, आणि टाइलखाली बोटभर जाडीचा वाळू-सिमेंटचा थर. पाणी सांध्यातून उतरतं आणि त्या थरात आडवं पसरतं. वरून फरशी चकचकीत कोरडी, खाली वाळू ओली. हेच पाणी भिंतीच्या बुडाशी पोचलं की प्लास्टर ते केशाकर्षणाने वर ओढतं, म्हणून ओलीची रेघ गळतीनंतर दोन-चार दिवसांनी स्कर्टिंगच्या वर उगवते. बाथरूम किंवा ड्राय बाल्कनीत प्रकरण जास्त चिवट असतं. तिथला स्लॅब मुद्दाम खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. वॉशिंग मशीन नेमकी याच कोब्यावर उभी. कोब्यात एकदा पाणी भरलं की नळ बंद केल्यावरही खालच्या छतातून ते दिवसेंदिवस ठिबकत राहतं, आणि मग “तुम्ही दुरुस्तच केलं नाही” आणि “आम्ही कालच केलं” असा सामना रंगतो. दोन्ही बाजू खरं बोलत असतात.

यावर गवंड्यांकडून शिकण्यासारखी एक युक्ती आहे. खालच्या छतावरच्या ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची. दोन दिवसांनी पुन्हा. ओल रेघेच्या आत आकसतेय तर साठलेलं पाणी निचरतंय. रेघ ओलांडून पुढे जातेय तर कुठेतरी अजून गळती चालू आहे. पेन्सिलीच्या या चार रेघा फरशी फोडण्याचा खर्च वाचवू शकतात. गळतीच्या दुसऱ्याच दिवशी टाइल उखडायला सांगणाऱ्या कंत्राटदाराला चहा पाजून परत पाठवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्लॅबची मात्र नको इतकी काळजी केली जाते. एकदा भिजल्याने काँक्रीट खराब होत नाही; बांधकाम चालू असताना त्याच स्लॅबवर आळी करून दिवसेंदिवस पाणी मारलेलं असतं. त्याला मारक आहे ती महिनोन्‌महिने चालणारी बारीक गळती. तिने आतल्या सळया गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि छताचे ढलपे सुटतात. एका रात्रीचा पूर परवडला, वर्षभराचं ठिबकणं परवडत नाही.

लाकडाचं उलट आहे. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांचे डबे आणि कपाटं कशाची आहेत, यावर त्यांचं नशीब ठरतं. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ पाण्यात काही तास राहिला की कडा फुगतात आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. ‘एमआर’ शिक्क्याच्या प्लायवुडचा डिंक दमट हवा सोसतो, उभं पाणी नाही. आयएस ७१० या मानकाचा मरीन प्लाय मात्र बराच तग धरतो. त्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास पाण्यात उकळतात. पण कोणताही प्लाय असो, पहिल्या दिवशी ओट्याखालच्या ट्रॉल्यांसमोरची खालची पट्टी काढलीच पाहिजे. ती बहुधा क्लिपांवर बसवलेली असते, ओढली की निघते. पट्टीमागे अंधारात उभं राहिलेलं पाणी आठवडाभर कुणाला दिसत नाही आणि एके दिवशी कुबट वास येतो. भिंतीला टेकलेली कपाटं वीतभर पुढे ओढा. सागवानी दरवाजा फुगून चौकटीत अडकायला लागला तर लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ नका. लाकूड वाळलं की आकसतं, मग त्या जागी फट दिसते.

वाळवणं हा या प्रकरणातला सगळ्यात कमी समजलेला भाग. “खिडक्या उघडा, हवा खेळू द्या,” हा आपला पिढीजात सल्ला विदर्भात मे महिन्यात अचूक आणि कोकणात जुलैमध्ये साफ चुकीचा. हिशेब करून पाहू. हजार चौरस फुटांच्या घरात सुमारे २५० घनमीटर हवा असते. तीस अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ धरू शकते, म्हणजे सगळ्या घराची हवा मिळून साडेसात लिटर. पावसाळ्यात मुंबईची हवा ८० टक्के दमट असली तर यातले सहा लिटर आधीच भरलेले, रिकामी जागा दीड लिटरची. बाहेरून येणारी हवाही तितकीच भरलेली. पंखा फिरवून काय होणार? भिंतीतलं पाणी हवेत येईल आणि रात्री गारवा पडला की दुसऱ्या भिंतीवर बसेल. उलट हवेत आर्द्रता २० टक्के असेल तर तीच हवा सहा लिटर पाणी उचलून खिडकीतून बाहेर नेते, आणि मग खिडक्या सताड उघड्या टाकणं हाच उत्तम उपाय.

दमट दिवसांत खिडक्या लावून एसी चालवावा, त्यात ‘ड्राय’ मोड असेल तर तो. एसीच्या थंड कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन नळीवाटे बाहेर जाते, म्हणजे घरातून पाणी खरोखर बाहेर काढलं जातं. डिह्युमिडिफायर भाड्याने मिळाला तर आणखी चांगलं. त्याच्या टाकीत रोज किती पाणी जमतं ते पाहिलं की घर किती वाळलं याचा अंदाजही येतो. टेबल फॅन भिंतीच्या बुडाशी, स्कर्टिंगला समांतर वारा जाईल असा ठेवावा, कोरड्या जागी आणि कोरड्या सॉकेटवर. छताचा पंखा खोलीच्या मधल्या फरशीला वारा घालतो, आणि ती आधीच कोरडी झालेली असते.

गॅसची शेगडी पेटवून खोली वाळवायचा उद्योग करू नये. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ हवेत सुटते. जळणातला हायड्रोजन पाणीच बनतो. कोळशाची शेगडी बंद खोलीत तर जीवघेणी, कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

एवढी घाई का, तर बुरशीमुळे. तिचे बीजाणू प्रत्येक घरात, प्रत्येक हवेत असतात. त्यांना फक्त ओल हवी असते. भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवल्या तर बुरशी बहुतेक वेळा धरत नाही, हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं मार्गदर्शन जगभर वापरलं जातं. आपल्या पावसाळ्यात तर याहून सवलत मिळण्याची आशा नको. पाणी कुठलं होतं यावरही बरंच ठरतं. आरओची नळी किंवा गीझरचा पाइप फुटला तर पाणी स्वच्छ असतं. वॉशिंग मशीनच्या निचऱ्याचं पाणी साबणाचं, मळाचं. मोरीच्या जाळीतून उलट आलेलं पाणी म्हणजे मैलाच समजा. त्यात भिजलेली गादी, उशी, गालिचा वाचवू नये. स्वच्छ पाणीही दोन दिवस साचून राहिलं की स्वच्छ राहत नाही.

टाइल, स्टील, काच यांवरची बुरशी साबणाच्या पाण्याने घासून निघते. प्लास्टर आणि प्लायवर ती आत मुळं धरते, तिथे ब्लीचचा मारा वरवरचा ठरतो. ओल गेली तरच ती जाते. आणि एक धोक्याची सूचना इथेच: फरशी साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच वेळी कधीही वापरू नये. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्याकडच्या मोऱ्यांना बहुधा एकच छोटी खिडकी असते.

पलंगाखालच्या पेटीत खरेदीखत, मुलांच्या गुणपत्रिका, लग्नाचा अल्बम असं काही निघतंच. भिजलेले कागद लगेच एकेक सुटे करायला गेलं की फाटतात. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थेट फ्रिजच्या फ्रीझरमध्ये ठेवा. ग्रंथालयं आणि अभिलेखागारं पुरानंतर हेच करतात. गोठल्यावर बुरशी वाढत नाही, शाई आणखी पसरत नाही आणि आपल्याला वेळ मिळतो. मग सवडीने थोडे थोडे काढून सावलीत, वाऱ्यावर, टीपकागदांमध्ये वाळवायचे. फोटोंचं वेगळं. जुन्या छापील फोटोंवर जिलेटिनचा थर असतो. एकमेकांवर वाळले की ते कायमचे चिकटतात. ओले असतानाच स्वच्छ पाण्यात हळूच सुटे करून, चित्राची बाजू वर ठेवून वाळवावेत. फोटोंवर इस्त्री फिरवण्याचा मोह टाळावा.

भिजलेलं उपकरण “चालतंय का बघू” म्हणून लावून पाहणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर, मशीनची मोटर, मिक्सर यांत पाणी शिरलं असेल तर आधी तंत्रज्ञ, मग बटण. पाणी गेलेल्या सॉकेटांचंही तेच.

पैशांचा विषय निघतोच. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत विभागणी बरीच सरळ आहे: पावसाची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेच्या खर्चाने, सदनिकेतल्या शौचालय, सिंक वगैरेंची अंतर्गत गळती सदस्याच्या खर्चाने. तुमचा आरओ, तुमचं मशीन अर्थात दुसऱ्या प्रकारात. वाद रंगतो तो भिंतीत गाडलेल्या आणि डक्टमधल्या पाइपांवरून. तेव्हा प्लंबर पाणी कुठून आलं हे दाखवत असतानाच सचिवांना बोलावून घेतलेलं बरं.

विम्याची आठवण फार थोड्यांना येते. २०२१ च्या एप्रिलपासून विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते आणि तिच्यात पाण्याच्या टाक्या, उपकरणं, पाइप फुटून किंवा ओसंडून झालेलं नुकसान धरलेलं आहे. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाखांचं संरक्षण त्यातच मिळतं. गृहकर्ज घेताना बँकेने असला एखादा विमा गळ्यात मारलेला असतो आणि कागद फाइलीत पडून असतो. तो काढून वाचावा. झीज आणि हळूहळू झिरपलेली ओल मात्र विम्यात बसत नाही. कळवायचं ताबडतोब, आणि सर्वेक्षक येईपर्यंत भिजलेलं सामान टाकायचं नाही. वाळवू मात्र शकता, नव्हे वाळवायलाच हवं. नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाचीच जबाबदारी धरतात.

बाकी उपकरणांचं थोडक्यात. एसी खोलीत गळू लागला तर बहुधा त्याची निचऱ्याची नळी शेवाळाने तुंबलेली असते, किंवा जाळी धुळीने भरल्यामुळे कॉइलवर बर्फ साचून वितळत असतो. फ्रिजखालचं डबकं म्हणजे आतला बर्फ वितळल्यावर पाणी जाण्याचं मागचं छिद्र बुजलंय. दोन्ही कामं घरच्या घरी होतात. गीझरच्या बुडातून ठिबकत असेल तर निदान नीट करा: सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थोडे थेंब येणं स्वाभाविक आहे, पाणी तापलं की फुगतं आणि वाट मागतं. ते थेंब बंद करायला व्हॉल्व्हला बूच मारणं म्हणजे टाकीचा बॉम्ब करणं. टाकीच्या अंगातूनच पाझर असेल तर टाकीला गंजापासून वाचवणारा आतला मॅग्नेशियमचा दांडा केव्हाच संपलेला असतो. कठीण पाण्याच्या गावांत तो दर एक-दोन वर्षांनी बघून घ्यावा लागतो, आणि सर्व्हिसिंगला येणारा मुलगा आपण विचारल्याशिवाय तो बघत नाही. टाकी गळू लागली की डागडुजीत पैसे घालू नयेत.

नळी बदलून झाल्यावर प्लंबरला लगेच सोडू नका. नळीचं टोक सरळ कापलेलं हवं, तिरपं नाही. ती जोडात शेवटपर्यंत बसलेली हवी आणि जोडावर निळी किंवा लाल क्लिप हवी. प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर ठेवा, थेंबभर गळती असली तरी सकाळी कागद सांगतो. ओट्याखालचा कॉक या निमित्ताने चांगल्या बॉल व्हॉल्व्हने बदलून घ्या, आणि गणपतीला गावी निघताना तो बंद करून जा. मशीनचा नळही तसाच. धुणं झालं की बंद.

रंगाला मात्र घाई नको. खालच्या काकूंचं छत लगेच रंगवून देण्यात भलेपणा आहे, पण ओल्या प्लास्टरवर पुट्टी आणि रंग चढवला की वर्षाच्या आत फुगे येतात, पोपडे सुटतात आणि पांढरा लोणा बाहेर पडतो. आत अडकलेलं पाणी क्षार घेऊनच बाहेर येतं. भिंतीवर दीड फुटी प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं तर भिंत अजून ओली आहे. लोणा आला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात. जुलैत फुटलेल्या नळीसाठी रंगाऱ्याला दिवाळीनंतर बोलवावं. छतावरच्या पेन्सिलीच्या रेघा तोवर पुसू नयेत, असंही काकूंना सांगून ठेवावं.